उठाबशा न जमलेला मुलगा : स्नायू कसे काम करतात, कुठे अडतात आणि आपण काय करू शकतो?



आजचा पाठ स्नायूंचा आहे. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगा होता, गोल चेहऱ्याचा, हसरा. पण परिपाठाच्या रांगेत रोज शेवटचा. मैदानावर धावायला सांगितलं की डुलत डुलत चालायचा, मध्येच पडायचा. मला वाटायचं, लाडावलेला आहे, अंगचोर आहे. एकदा गृहपाठ न केलेल्या चार-पाच जणांना मी पाच-पाच उठाबशा काढायला सांगितल्या. हा पहिल्याच उठाबशीला खाली बसला आणि त्याला उठताच येईना. शेवटी दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर रेटा देत कसाबसा उभा राहिला. सगळा वर्ग हसला. खरं सांगायचं तर मलाही ते नाटकच वाटलं.

दोन वर्षांनी त्याचे वडील एक जाडजूड फाइल घेऊन शाळेत आले. म्हणाले, "बाई, त्याला स्नायूंचा आजार आहे. मुंबईला नेलं तेव्हा कळलं." फाइलवर लिहिलं होतं, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मधल्या काळात घरात धाकट्या मुलाचा जन्म झाला होता. आता त्याचीही तपासणी करायची होती. धाकट्याचा रिपोर्ट चांगला आला, पण तो येईपर्यंतचे दिवस त्या आईने कसे काढले असतील, याचा विचार आजही मनातून जात नाही.

त्या मुलाचं उठणं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता, एवढंच. तुमच्याकडून असं होऊ नये म्हणून हा पाठ.

१. हात वर करताना आत काय घडतं?

आपल्या शरीरात सहाशेहून जास्त स्नायू आहेत. पुस्तकात आपण तीन प्रकार शिकवतो: हाडांना जोडलेले ऐच्छिक स्नायू, आतडी-रक्तवाहिन्यांमधले अनैच्छिक स्नायू आणि हृदयाचा स्नायू. आज मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलू.

मेंदूतून निघालेला संदेश मज्जारज्जूतून आणि चेतातंतूमधून स्नायूपर्यंत पोहोचतो. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन बाहेर पडतं. त्यामुळे स्नायूच्या पेशीवर विजेची एक लाट उठते आणि पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. कॅल्शियम मिळालं की खरं काम सुरू होतं.

स्नायूच्या पेशीत दोन प्रकारचे बारीक तंतू असतात, ॲक्टिनचे आणि मायोसिनचे. मायोसिनला लहान लहान डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. विहिरीतून दोर ओढताना आपण हात बदलत राहतो ना, अगदी तसं. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात आणि त्यामुळे स्नायू आखूड होतो. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी हे मांडलं. एका गटात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन होते, दुसऱ्यात अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हते, हे मुलांना सांगायला गंमत वाटते.

वर्गात करून बघा: दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरा आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांच्या फटींत सरकवा. बोटांची लांबी तेवढीच राहते, पण दोन्ही तळहात जवळ येतात. झालं, स्नायूचं आकुंचन समजलं!

२. स्नायूचा टाका : डिस्ट्रॉफिन

आता एक प्रश्न. आतले तंतू एवढ्या जोराने ओढाओढ करतात, तर पेशीचं बाहेरचं पातळ आवरण फाटत का नाही?

कारण आतल्या तंतूंचा सांगाडा आणि पेशीचं आवरण यांना जोडणारं एक प्रथिन असतं. त्याचं नाव डिस्ट्रॉफिन. गोधडीचे थर धावदोऱ्याने एकत्र धरलेले असतात. टाके उसवले तर गोधडी लगेच फाटत नाही, पण रोज अंगावर ओढता ओढता विरत जाते. डिस्ट्रॉफिन नसलेल्या स्नायूचं हेच होतं. प्रत्येक हालचालीत आवरणाला बारीक चिरा पडतात, बाहेरचं कॅल्शियम नको तेवढं आत शिरतं आणि पेशी मरते. लहान वयात शरीर नव्या पेशी तयार करून भरपाई करतं. पुढे भरपाई पुरी पडत नाही आणि स्नायूच्या जागी चरबी व चिवट तंतू भरतात.

म्हणूनच या मुलांच्या पोटऱ्या कधी कधी चांगल्या भरदार दिसतात. घरचे म्हणतात, "बघा, पोराचे पाय कसे मजबूत आहेत!" प्रत्यक्षात त्या जाड पोटरीत ताकद कमी असते.

३. उठाबशा, जिने आणि "व्यायामाने ताकद येईल"

हा मुद्दा शिक्षकांनी नीट लक्षात ठेवावा. स्नायू दोन तऱ्हांनी ताण घेतो. वजन उचलताना तो आखूड होत काम करतो. वजन सावकाश खाली ठेवताना तो लांबत लांबत काम करतो. उठाबशीत खाली बसताना किंवा जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू असा लांबत ताण घेत असतो. डिस्ट्रॉफिन नसलेल्या स्नायूला सर्वांत जास्त इजा याच प्रकारात होते.

म्हणजे मी त्या मुलाला दिलेली शिक्षा ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट हालचालींपैकी एक होती. "रोज मैदानाला चार फेऱ्या मार, ताकद येईल" हा सल्लासुद्धा या मुलांना लागू पडत नाही. अर्थात अंथरुणावर झोपवून ठेवणंही तितकंच चुकीचं. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले हलके ताणाचे व्यायाम, झेपेल तेवढं चालणं, सोय असेल तर पाण्यातले व्यायाम, हे चांगलं. दमछाक होईपर्यंत काहीच नको.

४. हा आजार ओळखला कुणी?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले डॉक्टर ग्वियोम ड्युशेन यांनी अशा मुलांचा बारकाईने अभ्यास केला. १८६८ मध्ये त्यांनी १३ रुग्णांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा लहानसा तुकडा काढता यावा म्हणून त्यांनी एक खास सुईसुद्धा बनवली होती. पुढे १८७९ मध्ये लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी ही मुलं जमिनीवरून उठताना काय करतात ते नेमकं टिपलं. हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, जणू मूल स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहतं. याला आजही 'गॉवर्सचं लक्षण' म्हणतात. माझ्या वर्गात मी हेच पाहिलं होतं.

पण कारण कळायला आणखी शंभरेक वर्षं गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत लुई कुंकेल यांच्या गटाने या आजाराचं जनुक शोधलं आणि १९८७ मध्ये त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला डिस्ट्रॉफिन हे नाव मिळालं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि माणसाच्या ज्ञात जनुकांपैकी सर्वांत मोठं आहे. सुमारे २२ लाख अक्षरांचं, ७९ तुकड्यांत विभागलेलं. एवढा मोठा मजकूर म्हटल्यावर त्यात चूक होण्याची शक्यताही जास्त.

मुलांमध्ये एकच एक्स गुणसूत्र असतं, तेही आईकडून आलेलं. म्हणून हा आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांच्या जन्मांमागे एकाला. मुलींना दुसऱ्या एक्सचा आधार असतो, त्यामुळे त्या बहुतेक वेळा फक्त वाहक असतात. काहींना मात्र थोडा त्रास होतो.

इथे पालकांना कळकळीने सांगते. जवळपास एक तृतीयांश मुलांमध्ये ही चूक नव्याने घडलेली असते, आईकडून आलेली नसतेच. आणि आलेली असली तरी त्यात तिचा दोष काय? आपल्याकडे असा रिपोर्ट आला की घरातली बोटं सुनेकडे वळतात. जनुकातली चूक कुणी मुद्दाम करत नाही.

५. वर्गात काय दिसतं?

सर्वांत चांगली जागा म्हणजे शालेय पोषण आहाराची पंगत. खिचडी खाऊन मुलं बस्करपट्टीवरून उठतात तेव्हा एक मिनिट नुसतं बघा. पुढच्या गोष्टी एखाद्या मुलात एकत्र दिसल्या तर पालकांशी बोला:

- जमिनीवरून उठताना हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकावे लागतात
- वरचेवर पडतो, धावताना सगळ्यांच्या मागे राहतो, उडी मारता येत नाही
- जिना चढताना कठड्याला धरतो, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवतो
- चवड्यांवर चालतो, डुलत चालतो, पोट पुढे काढून उभा राहतो
- पोटऱ्या जाड आणि घट्ट दिसतात
- चालायला किंवा बोलायला उशिरा लागला होता

अंगणवाडी ताई आणि बालवाडीच्या शिक्षिकांनी तर हे जरूर वाचावं, कारण लक्षणं दोन-तीन वर्षांच्या वयापासून दिसू लागतात.

एक मात्र सांभाळा. आपण डॉक्टर नाही. पालकांना थेट आजाराचं नाव सांगून घाबरवू नका. "मी अमुक अमुक पाहिलं, एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या" एवढंच म्हणा. जमल्यास पालकांच्या परवानगीने मूल उठतानाचा छोटा व्हिडिओ काढून त्यांनाच द्या. डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

६. तपासणी कोणती?

पहिली तपासणी साध्या रक्ताची आहे, सीपीके. स्नायूची पेशी फुटली की हे विकर रक्तात सांडतं. निरोगी मुलात ते साधारण दोनशेच्या आत असतं, या आजारात कित्येक हजारांवर, अनेकदा दहा हजारांच्याही वर जातं. त्यानंतर जनुकाची तपासणी करून नेमकी चूक कुठे आहे ते पाहतात.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. त्यामुळे ती वाढलेली दिसली की "लिव्हरला सूज आहे" म्हणून महिनोन्महिने उपचार चालतात आणि खरा आजार मागे राहतो. मूल पडतही असेल आणि ही विकरंही वाढलेली असतील, तर "सीपीके करून बघायचं का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा.

७. उपचार कुठवर आलेत?

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण "काहीच करता येत नाही" हेही खरं नाही.

*स्टेरॉइड:* १९८९ मध्ये १०३ मुलांवर केलेल्या चाचणीत प्रेडनिसोनने ताकद वाढते हे दिसलं. तेव्हापासून प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट हा उपचाराचा पाया आहे. औषधाशिवाय बहुतेक मुलांचं चालणं बाराव्या वर्षापर्यंत थांबतं, औषधाने ते आणखी काही वर्षं टिकतं. वजन वाढणं, उंची कमी राहणं, हाडं ठिसूळ होणं, चिडचिड हे त्रास होतात, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवी. आणि हे औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, ते जिवावर बेतू शकतं.

*हृदय आणि श्वास:* हृदय आणि छातीच्या पडद्याचे स्नायूही हळूहळू कमजोर होतात. नियमित तपासणी, हृदयाची औषधं आणि गरज पडेल तेव्हा रात्री मास्क लावून श्वासाला आधार, यामुळे पूर्वी विशीच्या आसपास संपणारं आयुष्य आता अनेकांच्या बाबतीत तिशीपर्यंत आणि त्यापुढेही जातं.

*जनुकाचं वाक्य दुरुस्त करणं:* हे समजायला फळ्यावर एक वाक्य लिहा.

बबन सरळ कमळ उचल

प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. पेशीसुद्धा जनुक असंच तीन-तीन अक्षरांत वाचते. आता त्यातला 'स' पुसा आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं वाचा:

बबन रळक मळउ चल

एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं निरर्थक झालं! ड्युशेनमध्ये बहुधा असंच होतं, वाचन बिघडतं आणि डिस्ट्रॉफिन तयारच होत नाही. आता उरलेलं 'रळ' सुद्धा पुसून टाका:

बबन कमळ उचल

एक शब्द कमी, पण अर्थ लागतो. 'एक्झॉन स्किपिंग' नावाच्या उपचाराची कल्पना हीच. बिघडलेल्या जागेच्या शेजारचा तुकडा वाचताना गाळायला लावायचा, म्हणजे थोडं आखूड पण कामचलाऊ डिस्ट्रॉफिन बनेल. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एटेप्लिरसेन हे असं औषध. ते ५१ वा तुकडा गाळायला लावतं आणि साधारण १३ टक्के मुलांनाच लागू पडतं. त्याने बनणाऱ्या डिस्ट्रॉफिनचं प्रमाण फारच थोडं असल्याने त्या मान्यतेवर बराच वाद झाला.

*जनुक उपचार:* निरुपद्रवी विषाणूच्या पोटात चांगलं जनुक भरून स्नायूपर्यंत पाठवायचं. अडचण अशी की डिस्ट्रॉफिन बनवायला लागणारा मजकूर सुमारे ११ हजार अक्षरांचा आणि त्या विषाणूत मावतात पाच हजारांहूनही कमी. वाट सापडली ती एका रुग्णामुळे. १९९० मध्ये एका माणसाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या डिस्ट्रॉफिनचा ४६ टक्के भाग गायब होता, तरी तो एकसष्टाव्या वर्षी चालत होता! म्हणजे मधला बराच भाग नसला तरी चालतं. त्यातून 'मायक्रो-डिस्ट्रॉफिन' तयार झालं आणि २०२३ मध्ये अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली.

पण किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने २६ कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय मोठ्या चाचणीत ठरवलेला मुख्य निकष गाठता आला नाही. २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन किशोरवयीन मुलांचा हा उपचार घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा मुलांसाठी त्याचा पुरवठा थांबवला गेला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की मोबाइलवर "एका इंजेक्शनने बरा होतो" असे संदेश फिरतात. कुणी शेतीचा तुकडा विकायला निघतं. घाई करू नका. आधी जनुकाचा रिपोर्ट घ्या आणि मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांशी बोला. केंद्र सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आहे, त्यात या आजाराचा समावेश आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

८. शाळेने काय करायचं?

- वर्ग तळमजल्यावर घ्या. एका मुलासाठी वर्गखोली बदलणं अवघड नसतं.
- बाक आणि खुर्ची द्या, खाली बसवू नका. दप्तर हलकं ठेवा, पुस्तकांचा एक संच शाळेतच राहू द्या.
- स्वच्छतागृहापर्यंतची वाट बघा. पायरी असेल तर उतार करून घ्या. लघवीला जावं लागू नये म्हणून ही मुलं पाणीच पीत नाहीत, हे आपल्या लक्षातही येत नाही.
- स्टेरॉइडमुळे चेहरा गोल होतो, भूक वाढते. त्यावरून कुणी चिडवत असेल तर लगेच थांबवा.
- डिस्ट्रॉफिन मेंदूतही असतं, त्यामुळे काही मुलांना वाचन, लक्ष देणं किंवा तोंडी सूचना लक्षात ठेवणं जड जातं. हे स्नायूंसारखं वाढत जात नाही. सूचना एकेक करून द्या.
- खेळाच्या तासाला त्याला झाडाखाली बसवून ठेवू नका. पंच करा, गुणलेखक करा, कॅरम-बुद्धिबळ द्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. समग्र शिक्षेतल्या आपल्या तालुक्याच्या विशेष शिक्षकांना भेटा, ते मार्ग दाखवतील.

थोडक्यात

ॲक्टिन-मायोसिन सरकतात म्हणून स्नायू ओढतो. डिस्ट्रॉफिन असतं म्हणून तो फाटत नाही. ते नसेल तर हट्टाने करून घेतलेली प्रत्येक उठाबशी नुकसान करते. आजार लवकर कळला तर स्टेरॉइड वेळेवर सुरू होतं, हृदयावर लक्ष राहतं आणि पुढच्या बाळाचा निर्णय घरच्यांना माहिती असताना घेता येतो. उशीर झाला तर यातलं काही हातात राहत नाही.

स्वाध्याय (मुलांसाठी नाही, आपल्यासाठी!)

१. उद्या पंगत उठताना एक मिनिट उभे राहा आणि प्रत्येक मूल कसं उठतं ते बघा.
२. आपल्या शाळेत 'आळशी' किंवा 'धांदरट' असा शिक्का बसलेली मुलं कोण, त्यांची नावं मनात आणा. त्यातलं कुणी वारंवार पडतं का?
३. उठाबशांची शिक्षा आपल्या शाळेत अजून चालते का? शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहेच. आता त्यामागचं आणखी एक कारण तुम्हाला माहीत झालं.

तो मुलगा पुढे व्हीलचेअरवरून शाळेत येत राहिला. दहावीची परीक्षा त्याने लेखनिक घेऊन दिली आणि पास झाला. निकालाच्या दिवशी मी त्याला भेटायला गेले आणि त्या उठाबशांबद्दल माफी मागितली. तो हसून म्हणाला, "बाई, तेव्हा मलाही माहीत नव्हतं."

आता तुम्हाला माहीत आहे.